तीन नंबरच्या ड्राइव्हवर आणखी काहीही न लिहिण्याबाबत

दिनांक : १९ फेब्रुवारी

प्रति,
मा. संचालक,
कामगार श्रवण तपासणी केंद्र,
दुसरा मजला.

विषय : अँटिव्हायरसने पुसलेल्या ३,२१४ श्रवण तपासण्या परत काढण्यासाठी पन्नास मिनिटे आणि एक कोरी डिस्क मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील ६, ८, १२, १४ व १६ फेब्रुवारीचे कागद. (प्रती जोडलेल्या नाहीत. कारण परिच्छेद ६ मध्ये आहे.)

महोदय,

१. शुक्रवार, २ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी सहा वाजता आपल्या केंद्राच्या तीन नंबरच्या ड्राइव्हवर खिळे कारखान्यातील ५८३ कामगारांच्या सात वर्षांतल्या ३,२१४ श्रवण तपासण्या होत्या. दर माणशी सात याप्रमाणे त्या ४,०८१ भरायला हव्या होत्या, पण काही जण मध्येच नोकरी सोडून गेले, काही उशिरा लागले आणि अकरा जण वारले. पहिल्या वर्षाची आणि सातव्या वर्षाची अशा दोन्ही तपासण्या झालेले कामगार ३४६. अशा दोन तपासण्यांना या अर्जात 'जोडी' म्हटले आहे. याशिवाय त्याच ड्राइव्हवर 'दुसरी प्रत' नावाच्या कप्प्यात या सगळ्यांची नक्कल होती. घराची दुसरी किल्ली त्याच घरात ठेवावी तसा हा प्रकार. तो अर्जदाराने निवडलेला नाही. गेल्या वर्षीच्या परिपत्रकाने सर्व विभागांच्या सुट्या डिस्क काढून घेतल्या आणि 'नक्कल मुख्य ड्राइव्हवरच ठेवावी' असा आदेश दिला. अर्जदाराने त्या वेळी घेतलेली लेखी हरकतही त्याच ड्राइव्हवर होती.

२. या तपासण्या कशासाठी, हे आपणास माहीत असणार. तरीही सांगते, कारण गेल्या दोन आठवड्यांच्या पत्रव्यवहारात त्याचा एकदाही उल्लेख आलेला नाही. खिळे पाडण्याच्या दालनात एका वेळी चाळीस यंत्रे चालतात. तिथे शेजारी उभ्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागते. कारखान्याच्या डॉक्टरांनी तज्ज्ञ समितीला लिहून दिले आहे की, हे लोक कामावर आले तेव्हाच कमी ऐकत होते. समिती २६ फेब्रुवारीला बसणार आहे. किमान १२० जोड्या समोर आल्या तर ती पुरावा ग्राह्य धरेल आणि यंत्रांभोवती भिंती घालायच्या की नाही ते ठरवेल. १२० पेक्षा कमी आल्या तर डॉक्टरांचे म्हणणे कायम. आजचे कान केव्हाही तपासता येतील. सात वर्षांपूर्वीचे कान आज तपासता येत नाहीत. ही अडचण अर्जदाराची नाही, काळाची आहे, आणि काळाकडे अर्ज करण्याची सोय नाही म्हणून तो आपणाकडे केला आहे.

३. घडले ते असे. अर्जदाराच्या आधी या जागेवर काम करणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी प्रत्येक तपासणी एका स्वतःहून उघडणाऱ्या पुडक्यात बांधून ठेवली होती. ते कोणत्याही संगणकावर नुसते दाबले की आलेख दिसतो, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. असे का करता, असे विचारल्यावर मास्तर म्हणत, "ज्याचा कान, त्याला दिसला पाहिजे. उद्या मी नसेन, तुमचं मशीनही नसेल." विचार चांगला होता. मात्र स्वतःहून उघडणारे पुडके म्हणजे एक लहानसा प्रोग्रॅमच, आणि ज्याच्या कर्त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही असा प्रोग्रॅम अँटिव्हायरसला व्हायरस वाटतो. अर्जदाराला हे ठाऊक होते. म्हणून तिने तीन नंबरच्या संगणकाच्या पडद्यावर चिठ्ठी लावली होती : 'इथे स्कॅन लावण्याआधी श्रवण विभागाला विचारावे. ही पुडकी व्हायरस नाहीत.'

४. संगणक अधीक्षकांनी २ तारखेला स्कॅन लावला. तो एकतीस तास चालला. सोमवारी सकाळी अर्जदार कामावर आली तेव्हा अधीक्षक दारातच उभे होते, आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला होता. "मॅडम, तीन हजार दोनशे चौदा व्हायरस! अहो, एवढे तर या अख्ख्या इमारतीत उंदीर नसतील."

हा आकडा कुठे ऐकल्यासारखा वाटत नाही का, असे अर्जदाराने विचारले. ते म्हणाले, "आकडा मोठा होता म्हणून तर 'सगळे नष्ट करा' दाबलं. एकेक उघडून कोण बघत बसणार?"

चिठ्ठीचे काय, असे विचारल्यावर म्हणाले, "बघितली ना चिठ्ठी. पण खाली सही नाही, शिक्का नाही. अशा चिठ्ठ्या कोणीही चिकटवेल. उद्या कोणी लिहील, अधीक्षकांना चहा द्यावा. मग देणार का?"

अर्जदाराने चहाबाबत मत दिले नाही. नकलेच्या कप्प्याचे विचारले तेव्हा कळले की अँटिव्हायरसने तो मोजला नाही, मुळातल्या व्हायरसची पैदास समजून न मोजताच रिकामा केला. त्याच दिवशी दुपारी सूचना फलकावर अधीक्षकांच्या अभिनंदनाचा कागद लागला. त्यावर '३,२१४ विषाणू नष्ट, ड्राइव्ह पूर्णपणे स्वच्छ' असे लिहिले आहे. आकडा बरोबर आहे. तेवढेच बरोबर आहे.

५. ड्राइव्ह पूर्णपणे स्वच्छ नाही. जुन्या ड्राइव्हला एकतीस तास न थांबता पळवल्यामुळे तिचा एक भाग कायमचा निकामी झाला असून आता ती मिनिटाला चौदा वेळा टक् असा आवाज करते. अधीक्षकांना तो ऐकू येत नाही. त्यांची श्रवण तपासणी विनामूल्य करून देण्यास अर्जदार तयार आहे. निकामी भागात नकलेचा सगळा कप्पा आणि मुळातली ४०७ पुडकी होती. ती गेली. त्यांच्याबद्दल हा अर्ज नाही.

६. हा अर्ज उरलेल्यांबद्दल आहे, आणि इथे महोदयांनी कृपया सावकाश वाचावे. पुसलेली वस्तू लगेच नाहीशी होत नाही. ड्राइव्ह फक्त तिचे नाव यादीतून काढते आणि ती जागा रिकामी समजते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जात नाही तोवर मूळ पुडके तिथे जसेच्या तसे असते आणि परत काढता येते. दुसरे काही लिहिले की ते कायमचे जाते. म्हणून अर्जदाराने ५ तारखेलाच हात जोडून सांगितले की या ड्राइव्हवर आता काहीही लिहू नका.

आपल्या कार्यालयात येणारा प्रत्येक कागद रंगीत स्कॅन होतो, आणि ज्या विभागाचा कागद त्या विभागाच्या ड्राइव्हवर ठेवला जातो. श्रवण विभागाची ड्राइव्ह तीन नंबरची. कागदाची एक बाजू स्कॅन केली की साधारण तेहेतीस पुडक्यांची जागा व्यापते. म्हणजे या नुकसानीची तक्रार करणारा प्रत्येक कागद, त्यावरचे प्रत्येक उत्तर आणि त्या उत्तरावरचे प्रत्येक स्मरणपत्र नेमके ह्याच पुडक्यांवर जाऊन बसते. जखमेवर पट्टी बांधायची म्हणून जखमच कापून काढावी, तसे हे चालले आहे.

अर्जदाराला रोज पाच ते सव्वापाच या वेळात अधीक्षकांच्या संगणकावरून तीन नंबरची ड्राइव्ह बघण्याची परवानगी आहे. बघता येते, काढता येत नाही. तिथे केलेली मोजणी ती वहीत लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी : शाबूत पुडकी २,८०७, जोड्या २६६.

६ फेब्रुवारी : अर्जदाराचा पहिला अर्ज, एक पान आणि तीन जोडपत्रे. शाबूत २,६७५, जोड्या २४१. हा दोष अर्जदाराचा आहे. कागद कुठे जाऊन बसतो हे तिला त्या दिवशीच्या मोजणीनंतर कळले.

८ फेब्रुवारी : अधीक्षकांचा खुलासा, सहा पाने, आणि सोबत स्वतःच्या अभिनंदनाची रंगीत प्रत. शाबूत २,४४४, जोड्या २०२.

१२ फेब्रुवारी : कोऱ्या डिस्कचा मागणी अर्ज, दोन पानी, तीन प्रतींत. तिन्ही प्रती वेगवेगळ्या स्कॅन झाल्या. शाबूत २,२४६, जोड्या १७१.

१४ फेब्रुवारी : मागणी अर्ज परत केल्याचे पत्र आणि पत्र मिळाल्याची पोच. शाबूत २,१८०, जोड्या १५९.

१६ फेब्रुवारीचा कागद वेगळा सांगावा लागेल.

७. त्या दिवशी अर्जदाराची आत्या कार्यालयात आली. ती खिळे कारखान्यात गेली सात वर्षे खिळे मोजून खोक्यात भरते. ती अर्जदाराची आत्या आहे हे अर्जदाराने कधीच लपवलेले नाही, कारण ती बोलू लागली की तिसऱ्या मजल्यालाही कळते. कारखान्यात अफवा पसरली होती की कान पुसले गेले, म्हणून ती आपली फाईल घेऊन आली. दर तपासणीनंतर कामगाराला आलेखाचा एक छापील कागद मिळतो. तिने सातही वर्षांचे सात कागद जपून ठेवले होते. ते तिने अधीक्षकांच्या टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाली, "हे घ्या साहेब, माझे कान. मोजून घ्या."

अधीक्षकांनी कागद उलटसुलट करून बघितले. "बाई, हे तर कोरे आहेत."

"काय म्हणालात?"

"कोरे! काहीच नाहीये यावर!"

केंद्राचा छपाईचा कागद शाईचा नसून उष्णतेने उमटणारा आहे, आणि असा कागद दोन-तीन वर्षांत फिका पडतो. कपाटात पत्र्याच्या पेटीखाली ठेवला तर त्याहून लवकर. अर्जदाराने आत्याच्या कानाशी तोंड नेऊन तिला हे समजावले. आत्याने एकेक कागद उजेडाकडे धरून बघितला. शेवटचा कागद, चार महिन्यांपूर्वीचा, तेवढा थोडासा दिसत होता. मग तिने विचारले, "म्हणजे मी आले तेव्हा कशी होते, ते आता कुणालाच माहीत नाही?"

अधीक्षक म्हणाले, "आवाज जरा खाली ठेवा. हे कार्यालय आहे."

आत्या म्हणाली, "खाली ठेवायला तो मला ऐकू तर यायला पाहिजे! मी काही बहिरी आले नव्हते साहेब तिथं. झाले."

तिने हेच वाक्य लेखी द्यावे असे अधीक्षकांनी सुचवले. तिने दिले. एका पानाचा जबाब आणि पुरावा म्हणून ते सात कागद असे सगळे आवक-जावक टेबलावर गेले. तिथल्या बाईंना अर्जदाराने विनवले की जबाब नको, निदान कोरे कागद तरी स्कॅन करू नका. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, "अगं, माझ्या हातात कागद आला की तो आत गेलाच पाहिजे. नाही गेला तर तो आलाच नाही असं होतं. कोरा असला तरी कागदच ना तो."

कोरा कागद स्कॅन केला तरी भरलेल्या कागदाएवढीच जागा घेतो. १६ फेब्रुवारी : शाबूत १,९१६, जोड्या १३१. त्या दिवशी गेलेल्या २६४ पैकी २३१ पुडकी फक्त आत्याच्या सात कागदांखाली गेली.

८. अधीक्षकांनी आपल्या खुलाशात लिहिले आहे की, अर्जदाराची नातेवाईक या प्रकरणात असल्याने अर्जदाराचा हितसंबंध आहे. आत्याची पहिल्या वर्षाची तपासणी १२ तारखेला, मागणी अर्जाच्या तिसऱ्या प्रतीखाली गेली. त्या दिवसापासून तिची जोडी राहिलेली नाही. तेव्हा हितसंबंधाचा मुद्दा निकाली निघाला आहे. ही गोष्ट अर्जदाराने आत्याला अजून सांगितलेली नाही, आणि अधीक्षकांनीही सांगू नये.

९. आता डिस्कविषयी. परत काढलेली पुडकी ठेवायला दुसरी जागा लागते. एक आणि दोन नंबरच्या ड्राइव्ह इतर विभागांच्या आहेत, म्हणून तिथे ठेवता येत नाहीत. अर्जदाराची स्वतःची डिस्क परिपत्रकाने चालत नाही. नवी डिस्क हवी तर जुनी निकामी झाल्याचा दाखला जोडावा लागतो, आणि अधीक्षक तो देत नाहीत, कारण त्यांच्याच फलकावरच्या कागदाप्रमाणे ड्राइव्ह स्वच्छ आणि उत्तम आहे. दाखला मिळण्यासाठी ती पूर्ण मरावी लागेल, आणि ती मेल्यावर डिस्कची गरज उरणार नाही. अधीक्षकांनी यावर सुचवलेला तोडगा असा : "मग तिथल्या तिथेच वाचवा की! त्याच ड्राइव्हवर काढा, त्याच ड्राइव्हवर ठेवा." बुडणाऱ्याला वर ओढून पुन्हा त्याच पाण्यात ठेवण्याची ही युक्ती आहे, आणि वर ओढलेला प्रत्येक जण खालच्या एकाच्या डोक्यावर पाय देईल. संगणक खात्याच्या प्रमुखाला हे समजत नसेल तर तो आपला प्रश्न आहे. समजत असेल तर तो अधिक मोठा प्रश्न आहे.

अर्जदार खिशात डिस्क आणून पाच ते सव्वापाचच्या वेळात हे काम चोरून करू शकली असती. केले नाही. कारण कारखान्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील की, ही माहिती कोणाच्या हातून, कोणाच्या परवानगीने आणि कोणासमोर बाहेर आली. ज्या पुराव्याला चोरीचा वास येतो तो समितीसमोर टिकत नाही. म्हणूनच आपली परवानगी हवी, आणि हे काम संगणक अधीक्षकांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवे, मग त्यांना कितीही कंटाळा येवो.

१०. आपल्या स्वीय सहायकांना अर्जदार तीन वेळा भेटली. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले की साहेब तोंडी काही ऐकून घेत नाहीत, लेखी द्या. श्रवण केंद्रात ऐकून घेण्याची सोय नसावी, याची नोंद अर्जदार येथे करते. लेखी दिले की जोड्या जातात. तोंडी सांगितले तर ऐकले जात नाही. तिसरा मार्ग खुणांचा. तो कारखान्यातल्या लोकांना चांगला येतो. पण केंद्रात कोणाला येत नाही.

म्हणून शेवटचा उपाय म्हणून हा अर्ज लिहिला आहे. त्याच्या चार बाजू आहेत. थोडक्यात लिहून बघितले होते. ते सहा तारखेचे पान होते, आणि त्याचे काय झाले ते वर दिले आहे. हा अर्ज स्कॅन झाला तर सुमारे १३२ पुडकी जातील आणि जोड्या ११० च्या आसपास उरतील. समितीला १२० लागतात. म्हणजे हा अर्ज नियमाप्रमाणे स्वीकारला गेला तर ज्यासाठी तो केला आहे ते त्याच क्षणी संपेल. तो आवक-जावक टेबलावर न देता आपल्या हाती द्यावा म्हणून अर्जदार आपल्या कक्षाबाहेर उभी राहणार आहे. आवक क्रमांक नसलेला अर्ज हा अर्ज नसतो, असे स्वीय सहायक म्हणतील. अर्जदाराला ते माहीत आहे. हा कागद अर्ज न मानता नुसता वाचला तरी चालेल.

११. मागणी फक्त पुढीलप्रमाणे.

तीन नंबरच्या ड्राइव्हची तार आजच काढावी. ती भिंतीजवळ, टेबलाखाली, डावीकडची निळी तार आहे. त्यासाठी आदेश काढू नये, कारण आदेशाचीही एक बाजू असते. कोणीतरी वाकून काढावी.

उद्या सकाळी अधीक्षकांसमोर, अर्जदाराच्या स्वतःच्या कोऱ्या, सीलबंद डिस्कवर पुडकी काढून घेण्याची परवानगी तोंडी द्यावी. काम पन्नास मिनिटांचे आहे. डिस्क नंतर केंद्रातच राहील. तिचे पैसे नकोत.

या अर्जाला उत्तर देऊ नये. होय असेल तर तार काढलेली दिसेल. नाही असेल तर तार तिथेच दिसेल. अर्जदाराला दोन्ही वाचता येतात.

अधीक्षकांवर कारवाईची मागणी अर्जदार करत नाही. कारवाईला पाने लागतात. फलकावरचा अभिनंदनाचा कागदही राहू द्यावा. ३,२१४ हा आकडा केंद्रात आता तेवढ्या एकाच जागी लिहिलेला उरला आहे.

उत्तर न मागणारी, पण तारेकडे लक्ष ठेवणारी,

(सही)
श्रवण तपासणी सहायक,
खोली क्रमांक नऊ

सोबत जोडलेली कागदपत्रे : एकही नाही.

—

(अर्जदाराच्या प्रतीवर, पेनाने)

संचालकांच्या हाती दिला, दुपारी ४ वाजून ५ मिनिटे. बाजू चार. आवक क्रमांक नाही.

मोजणी, सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे : शाबूत १,९१६, जोड्या १३१. अर्ज स्कॅन झालेला नाही. तार अजून तिथेच.